चेंडू कोणाच्या मापाचा?

राजांचा इतिहास लिहिला जातो, क्वचित खेळाडूंचाही. चेंडूचा मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक खेळ कोणाला साधेल, हे पुष्कळदा चेंडूच ठरवतो.

पुण्याचेच पाहा. १८७०च्या दशकात येथील छावणीतले इंग्रज अधिकारी पिसांच्या फुलाने बॅडमिंटन खेळत. वारा सुटला की लोकरीचा चेंडू घेत. १८७४मध्ये विलायतेत विंगफील्ड यांनी लॉन टेनिसचे पेटंट घेतले. गंधकाबरोबर रबर तापवण्याची युक्ती साधली होती, म्हणून गवतावर उसळणारा पोकळ चेंडू मिळाला. मग त्यावर फ्लॅनेल चढले.

हा चेंडू वाढला तो प्रौढांच्या मापाने. २५४ सेंटिमीटरांवरून सोडल्यास तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा नियम आहे. नारायणगावाशेजारच्या वारूळवाडीतील आठ वर्षांच्या पोराच्या तो डोक्यावरून जाईल! मग आपण म्हणणार, ‘याच्या अंगात खेळ नाही.’ हा कुठला न्याय?

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत संथ चेंडू सक्तीचे केले. लाल चेंडू फार तर १०५ सेंटिमीटर उसळतो, नारिंगी १२०, हिरवा १३५. त्याआधीच, १९८४च्या सुमारास, जपानातील मियोशी ताकेई या स्वतः अंध असलेल्या गृहस्थांनी आत खुळखुळा असलेला स्पंजाचा चेंडू घडवला. डोळ्यांचे काम कानांनी केले.

मूल हरले, तर आधी त्याच्या हाती आपण कोणता चेंडू दिला, तेवढे पाहावे.