वारणाकाठची इंजिनपारख

पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि तिला लागून असलेला वारणानगरचा कारखाना परिसर येथे मोटारगाडीची पारख तिच्या रूपावरून कमी आणि इंजिनावरून अधिक होत आली आहे. गेल्या दहा वर्षांत छोट्या एसयूव्ही गाड्यांच्या ज्या नव्या आवृत्त्या बाजारात आल्या, त्यांच्याविषयी या भागातील शौकिनांनी घेतलेली भूमिका समजून घ्यायची, तर या पारखीचा इतिहास पाणी उपसणाऱ्या इंजिनापासून तपासावा लागतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम महाराष्ट्रातील बागायत मोटेवर, म्हणजे बैलांकरवी विहिरीचे पाणी वर ओढणाऱ्या कातडी पखालीवर, अवलंबून होती आणि मोटेची जागा हळूहळू ऑइल इंजिनाने घेतली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीत सुरू झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि कोल्हापूर शहरात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या, शाळेपेक्षा हातातील कसबावर विद्या मिळवलेल्या कारागिरांनी रुजवलेली यंत्रकारागिरी यांमुळे हे यंत्र आणि त्याची दुरुस्ती खेड्यापर्यंत पोहोचली. या इंजिनांचा एक जुना प्रकार एका सिलिंडरचा, जड फ्लायव्हीलचा आणि मिनिटाला सुमारे साडेसहाशे फेऱ्यांवर चालणारा असे. तो सुरू करणारा माणूस आधी झडप उघडी ठेवणारा खटका उचलून दाब मोकळा करी, हँडल मारून फ्लायव्हीलला पुरेसा वेग आला की खटका सोडी आणि मग दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेट घेई. डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखा ठिणगी पाडणारा प्लग लागत नाही, म्हणून त्याचे बरेचसे आरोग्य पंप आणि नोझल या दोन भागांवर ठरते. धूर काळा येतो की पांढरा, ठोका एकसारखा पडतो की अडखळतो, यावरून बिघाड ओळखण्याची दृष्टी त्यामुळे मिस्त्रीपुरती न राहता शेतकऱ्यालाही आली. पुढे गावोगाव वीज आली आणि विहिरीवर विजेची मोटर बसली. इंजिने मागे पडली, परंतु कमी फेऱ्यांत अधिक ओढ देणारे इंजिन ते चांगले, हा निकष टिकून राहिला.

कोल्हापूरच्या गाडीप्रेमाची दुसरी, दरबारी परंपराही आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक गाडी आजही शाही दसऱ्याला निघते आणि ती पाहण्यासाठी दसरा चौकात गर्दी होते. मात्र ते प्रेम दर्शनाचे होते. खेड्यातील माणसाला प्रत्यक्ष हाताळता आली ती जीप.

दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेली विलीज जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत आणून जोडण्यास आरंभ केला आणि पुढे तिचे उत्पादन देशातच होऊ लागले. तिच्या सीजे-३बी या आवृत्तीचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा ठळकपणे उंच होते, आणि त्याचे कारण सौंदर्यदृष्टीत शोधून सापडणार नाही. १९५३ मध्ये विलीजने या नागरी जीपमध्ये हरिकेन नावाचे पेट्रोल इंजिन बसवले. त्यात हवा आत घेणारी झडप इंजिनाच्या डोक्यात आणि धूर बाहेर टाकणारी झडप ब्लॉकमध्ये अशी रचना असल्याने इंजिनाची उंची वाढली आणि ती सामावण्यासाठी बॉनेट उंचवावे लागले. गाडीच्या रूपाने इंजिनाच्या मागे जावे, हा क्रम त्या काळी इतका स्वाभाविक होता की त्याविषयी वेगळा वाद संभवत नव्हता.

तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात वारणेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि खोऱ्याचे अर्थकारण उसाभोवती फिरू लागले. उसाच्या फडापर्यंत जाणारी वाट म्हणजे पाणंद, दोन्ही बाजूंच्या बांधांमधून जाणारा कच्चा गाडीमार्ग. काळ्या जमिनीतली पाणंद पावसाळ्यात चाक धरून ठेवते. साखरपट्ट्यातील कारखान्यांच्या शेती खात्यांना आणि बागायतदारांना या वाटांवर जीपइतके उपयोगी दुसरे वाहन नव्हते. पेट्रोलचा खर्च मात्र परवडणारा नव्हता, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जीपला डिझेल इंजिन लाभले ते बी-२७५ या ट्रॅक्टरचे. हा ट्रॅक्टर महिंद्राच्या भागीदारीतील इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा होता आणि ती कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. ट्रॅक्टरचे इंजिन गाडीत बसवले की गाडी थरथरते, आवाज करते आणि वेग धरत नाही, हे दोष खरेच होते. तरीही ज्याच्या दारात तोच ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या दृष्टीने एकच मिस्त्री आणि एकच सुटा भाग दोन्हीकडे चालणे ही मोठी सोय होती. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्रावरील डिझेल इंजिने इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि डिझेल जीप खऱ्या अर्थाने रस्त्यावर स्थिरावली.

याच इंजिनांवर वडाप उभे राहिले. एसटीच्या दोन फेऱ्यांमधील वेळेत वाटेवरचे प्रवासी गोळा करून जाणाऱ्या खासगी गाड्यांना कोल्हापूर, सांगली आणि सातारा भागांत वडाप म्हणतात, आणि त्यात महिंद्राच्या जीपबरोबर पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स व पुढे १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो यांचा मोठा वाटा होता. वडापचा चालक दिवसभर भरल्या गाडीने चढ-उतार करीत असल्यामुळे इंजिनाविषयी त्याचे मत अनुभवातून बनलेले असे आणि गाडी घेऊ पाहणारा गावकरी जाहिरातीआधी त्याच मताला वजन देई. ग्रामीण मोटारसंस्कृतीच्या अभ्यासात या चालकाला आजवर मिळालेल्या स्थानापेक्षा बरेच मोठे स्थान मिळायला हवे.

२००० मध्ये आलेली महिंद्राची बोलेरो ही या परंपरेची वारस होती. तिचा सांगाडा शिडीच्या आकाराच्या पोलादी चौकटीचा होता, म्हणजे खाली स्वतंत्र चौकट आणि तिच्यावर बसवलेली बॉडी अशी त्याची बांधणी होती, आणि तिचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन प्यूजोच्याच वंशातील होते. तिचे रूप पुढे अनेकदा बदलले, परंतु हे मूळ तसेच राहिल्यामुळे ते बदल विनातक्रार स्वीकारले गेले.

रूपाने इंजिनाच्या मागे जाण्याचा हा जुना क्रम उलटला तो करामुळे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० किंवा डिझेल इंजिन १५०० घन सेंटिमीटरपर्यंत असलेल्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले, आणि भारतातील छोटी एसयूव्ही हा वर्ग पुढे याच मर्यादेत घडला. २०१६ मध्ये बोलेरोची पॉवर प्लस ही आवृत्ती निघाली तेव्हा गाडीची लांबी ४१०७ मिलिमीटरवरून ३९९५ वर आली आणि चार सिलिंडरांच्या अडीच लिटर इंजिनाच्या जागी तीन सिलिंडरांचे दीड लिटरचे इंजिन आले. जुन्या पारखीच्या लोकांना हे खटकले. एक सिलिंडर कमी झाला म्हणजे ओढ कमी झाली, असा त्यांचा समज होता. वस्तुतः टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, दोन्हींत १९५ न्यूटन मीटर इतकाच होता आणि अश्वशक्ती नव्या इंजिनाची अधिक होती. ओढीविषयीची ही तक्रार आकड्यांवर टिकत नाही. मात्र इंजिनाचे माप वाटेच्या गरजेवरून न ठरता कराच्या पायरीवरून ठरू लागले आहे, ही त्यामागची जाणीव अचूक होती.

महिंद्राच्याच २०१५ च्या टीयूव्ही ३०० या चौकोनी गाडीला रणगाड्यावरून घेतलेले रूप अनेकांना रुचले नव्हते. जुलै २०२१ मध्ये तीच गाडी नव्या चेहऱ्याने बोलेरो निओ झाली, तेव्हा नाव उसने घेतल्याची टीका झाली. तरीही शिडीची चौकट, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि २६० न्यूटन मीटर टॉर्क देणारे डिझेल इंजिन तिच्यात होते, आणि तिच्या वरच्या आवृत्तीत चिखलात एक चाक नुसते फिरू लागले की दोन्ही मागच्या चाकांना बांधून ठेवणारे यांत्रिक कुलूपही होते. पाणंदीच्या दृष्टीने पाहिले तर ही गाडी बोलेरो या नावाला पात्र होती.

मारुतीच्या ब्रेझाची गोष्ट वेगळी आहे. २०१६ मध्ये ती १.३ लिटरच्या डिझेल इंजिनासह आली. ते इंजिन १७५० फेऱ्यांवर २०० न्यूटन मीटर टॉर्क देई. भारत स्टेज सहा हे धुराचे कडक निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, लहान डिझेल इंजिन त्यांत बसवणे महाग ठरले आणि मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या. जून २०२२ च्या नव्या ब्रेझाचे पेट्रोल इंजिन अश्वशक्तीत सरस आहे, परंतु त्याचा सुमारे १३७ न्यूटन मीटर टॉर्क ४४०० फेऱ्यांवर मिळतो. शांत, हलके आणि शहरी वाहतुकीत सुखद अशा या इंजिनाने जोतिबाच्या डोंगराचा चढ भरल्या गाडीने चढायचा, तर खालचा गिअर अधिक वेळा टाकावा लागणे ओघानेच आले. उसाच्या पट्ट्यातील शौकीन नव्या ब्रेझाचे रूप, सहा गिअरची स्वयंचलित पेटी आणि आतील सजावट यांची स्तुती करून अखेर डिझेलचा विषय काढतो, याचे मूळ या फरकात आहे.

इंजिनाच्या या प्रश्नाला कोल्हापूर जिल्ह्यात रोजगाराचीही बाजू आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री, म्हणजे वितळलेले लोखंड साच्यात ओतून सुटे भाग घडवणारे कारखाने, इंजिनाचे ब्लॉक आणि हेड यांसारखे ओतीव भाग देशभरातील वाहन कंपन्यांना पुरवतात. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटा नेक्सॉन पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी यांबरोबर २०२० पासून विजेवरही मिळते. विजेच्या मोटरला सिलिंडर ब्लॉकच लागत नाही, त्यामुळे अशा गाड्यांचा वाटा जसजसा वाढेल तसतसे या कारखान्यांना ब्रेक, सस्पेन्शन आणि मोटरचे कवच यांच्या ओतकामाकडे वळावे लागेल, आणि त्यासाठी लागणारे साचे, धातूचे मिश्रण व यंत्रकाम हे सारेच ब्लॉकच्या कामाहून भिन्न आहे.