स्मृती, साठवण आणि जाळे : जुन्या विंडोज संगणकांच्या दुखण्यांचा इतिहास, रिद्धपुराहून

१/ रिद्धपूर म्हटले की इतिहासाच्या वाचकाला लीळाचरित्र आठवते. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले हे गाव. चक्रधर स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून ऐकल्या, ज्यांनी प्रसंग पाहिले होते त्यांच्याकडे स्वतः जाऊन पडताळल्या, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या ग्रंथबद्ध केल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली. ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी ती पुन्हा लिहिली. म्हणूनच आज या ग्रंथाचे एक नव्हे, अनेक पाठ आढळतात.

२/ आजचा धागा मात्र पोथ्यांचा नाही, संगणकांचा आहे. याच गावात २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ आकार घेत आहे, आणि मराठी मजकुराचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कोणालाही एका अवघड थराला सामोरे जावेच लागेल. १९९० ते २०१० या दोन दशकांतल्या स्मरणिका, दिवाळी अंक, प्रबंध, पतसंस्थांचे अहवाल आणि गावोगावच्या डीटीपी केंद्रांत जुळवलेली पुस्तके जुन्या विंडोज संगणकांवर जन्मली. ती यंत्रे आता माळ्यावर किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत धूळ खात आहेत.

३/ असे यंत्र पुन्हा सुरू केले की तीन तक्रारी हमखास येतात. मेमरी अपुरी आहे, डिस्क वाचता येत नाही, नेटवर्क सापडत नाही. जवळपासचा जाणकार क्षणात निकाल देतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ या तीन शब्दांनी किती मराठी मजकूर गिळला असेल याचा हिशोब कोणीही ठेवलेला नाही. खरी गोष्ट अशी की यंत्र जिथे दुखते म्हणून सांगते, तिथे ते बहुधा दुखत नसते. दुखणे कुठे आहे हे ओळखायचे तर त्या यंत्राचा इतिहास ठाऊक हवा.

४/ मेमरीपासून आरंभ करू. १९८१ सालच्या आयबीएम पीसीतल्या प्रोसेसरला एकूण १ एमबी एवढाच पत्ता-अवकाश होता. त्यातला वरचा ३८४ केबीचा भाग पडदा व इतर यंत्रभागांसाठी राखून ठेवला गेला, आणि प्रोग्रामांच्या वाट्याला ६४० केबी उरले. पुढे यंत्रात कितीही मेमरी घातली तरी डॉसचे प्रोग्राम या जुन्या कुंपणातच कोंडलेले राहिले.

५/ विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये आले. कुंपण पडले असे सर्वांना वाटले, ते पुरते पडले नव्हते. विंडोज ९५ आणि ९८ यांच्या पोटात १६-बिट काळातले काही छोटे कप्पे तसेच राहिले होते, प्रत्येकी अवघे ६४ केबी. उघड्या खिडक्या, बटणे, चित्रे यांच्या नोंदी त्यांत साठत. यंत्रात ६४ एमबी मेमरी असली आणि त्यातली निम्मी मोकळी असली, तरी हे कप्पे भरले की पडद्यावर संदेश उमटे : मेमरी अपुरी आहे. बिचारा दुकानदार नवी रॅम विकत आणी आणि संदेश तोच राही. ‘माय कॉम्प्युटर’च्या गुणधर्मांत ‘सिस्टिम रिसोर्सेस’ची टक्केवारी दिसते. ती फार खाली गेली असेल तर उपाय रॅम हा नसून आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद करणे आणि यंत्र एकवार पुन्हा चालू करणे हा आहे.

६/ मराठी डीटीपी केंद्रांचे आणखी एक खास दुखणे होते. त्यांच्याकडे फॉन्ट शेकड्यांनी असत, आणि विंडोज ९५-९८ मध्ये ट्रूटाइप फॉन्टांची संख्या हजाराच्या आसपास पोहोचली की त्यांच्या नोंदवहीची जागाच संपे. अक्षरे चुकीची दिसत, काही फॉन्ट यादीतून नाहीसे होत. गरजेपुरते फॉन्ट ठेवून बाकीचे वेगळ्या फोल्डरात हलवणे एवढाच त्यावर इलाज. हलवायचे, पुसायचे नाहीत. कारण पुढे येईलच.

७/ याच्या नेमके उलटे दुखणेही आहे. आज एखादा हौशी तरुण विंडोज ९८ च्या यंत्रात १ जीबी रॅम बसवतो, आणि यंत्र सुरू होण्याऐवजी कुरकुरते की मेमरी पुरत नाही! झालेले असते असे : डिस्कवरचा मजकूर तात्पुरता धरून ठेवणारा ‘व्हीकॅश’ हा भाग रॅमच्या प्रमाणात पत्ते अडवून बसतो, आणि ५१२ एमबीच्या पुढे इतरांसाठी पत्तेच उरत नाहीत. सिस्टिम.आयएनआय या फाइलीत व्हीकॅशची कमाल मर्यादा लिहून दिली की काम होते. सोपा मार्ग म्हणजे जास्तीची रॅम काढून ठेवणे.

८/ ३२-बिट विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ मध्ये ४ जीबी रॅम घालूनही सव्वातीन-साडेतीनच का दिसते, याचे उत्तरही त्याच घराण्यातले. ३२ बिटांनी ४ जीबीचेच पत्ते लिहिता येतात, आणि त्यांतले काही ग्राफिक्स कार्डासारख्या भागांना द्यावे लागतात. रॅम चोरीला गेलेली नाही, तिच्यापाशी पोहोचायला पत्ता नाही. (३२ बिटांचीच आणखी एक गंमत : विंडोज ९५ मधला मिलिसेकंद मोजणारा एक गणक ४९.७ दिवसांनी भरून जाई आणि यंत्र अडकून पडे. हा दोष उजेडात यायला काही वर्षे गेली. एकदाही बंद न पडता सलग ४९ दिवस चाललेले विंडोज ९५ पाहायला मिळणे हाच मुळात दुर्मीळ योग.)

९/ अर्थात काही वेळा दुखणे खरोखरच रॅमचे असते. सुरू करताच पडदा काळा आणि आतून ‘बीप बीप’ असा आवाज आला, तर वीज काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने हलकेच पुसावेत आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याच्या धुळीत हा उपाय एका पिढीच्या तंत्रज्ञांनी केला आहे. २००० च्या आसपासच्या मदरबोर्डांवर मात्र आणखी एक गोष्ट पाहावी. त्या काळात सदोष कपॅसिटरांची एक लाटच जगभर पसरली होती. त्या छोट्या नळकांड्यांचे माथे फुगलेले दिसले, तर अधूनमधून होणाऱ्या ‘रीस्टार्ट’चा दोष रॅमवर किंवा विंडोजवर ढकलू नये.

१०/ आता साठवण. येथेच खरा धोका आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळू. विंडोज ९५-९८ च्या डिस्कवर फाइलींचे तुकडे कुठे कुठे आहेत याची एक सारणी असते. तिला फॅट म्हणतात, आणि तिच्या दोन प्रती ठेवण्याची काळजी रचनाकारांनी घेतली होती. फाइल लिहिली जात असताना वीज गेली की सारणी आणि प्रत्यक्ष मजकूर यांचा मेळ तुटे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन किती सोसले हे सांगायला नको. वीज परतली की निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क धावू लागे.

११/ स्कॅनडिस्कला डिस्कवर जे अनाथ तुकडे सापडत, ते तो ‘फाइल००००’, ‘फाइल०००१’ अशा नावांनी आणि ‘सीएचके’ या शेपटाने जपून ठेवी. बहुतेकांनी ते कचरा समजून पुसले. पोथीच्या सुट्या पानांवर शीर्षक नसते म्हणून कोणी ती चुलीत घालत नाही. या फाइली साध्या टेक्स्ट एडिटरात उघडून पाहाव्यात, कधी कधी हरवलेले प्रकरण तिथेच सापडते.

१२/ आणि हे विशेष ध्यानात ठेवावे : डिस्कची जागा भरली की तक्रार मेमरीच्या नावाने येते. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरते. त्या स्वॅप फाइलीला वाढायला जागा उरली नाही, की संदेश येतो मेमरीचा आणि रोग असतो साठवणीचा. म्हणून रॅम बदलण्याआधी सी ड्राइव्हवर किती जागा उरली आहे ते पाहावे.

१३/ मर्यादांची परंपरा येथेही आहे. फॅट१६ मध्ये विभाग २ जीबीचा. १९९६ च्या सुमारास आलेल्या फॅट३२ मध्ये एक फाइल जेमतेम ४ जीबीपर्यंत. जुन्या आयडीई पद्धतीत डिस्कचे पत्ते २८ बिटांचे, म्हणजे १३७ जीबी. मूळ विंडोज एक्सपीलाही त्यापुढचे दिसत नसे, २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ते दिसू लागले. यातली शेवटची मर्यादा घातक आहे. विंडोज ९८ च्या यंत्राला त्याहून मोठी डिस्क जोडून लिहीत गेलात, तर पत्ते गोल फिरून आरंभाला येतात आणि नवा मजकूर जुन्याच्या डोक्यावर लिहिला जातो. त्या वेळी कसलाही संदेश येत नाही.

१४/ डिस्क टकटक वाजत असेल तर स्कॅनडिस्क, चेकडिस्क, डीफ्रॅग यांपैकी काहीही चालवू नये. दुरुस्ती म्हणजे लिहिणे, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणे म्हणजे तिचे उरलेले श्वास खर्चणे. ती बाहेर काढावी, आयडीई-यूएसबी जोडणीने दुसऱ्या यंत्राला लावावी, आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घ्यावी आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतिमेवर करावेत. पेन ड्राइव्ह लावून काम भागेल असे वाटत असेल तर विंडोज ९८ ला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो हेही ठाऊक असावे.

१५/ जाळ्याची कथा थोडक्यात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातली सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प उभा राहिला, आणि पुढील दशकात त्यातल्या सात गावांत संगणकाची जागा मोबाइलच्या एसएमएसने घेऊन पाहिली. गावात संगणकाचे जाळे टिकवणे किती कठीण होते, हे त्या एका प्रयोगावरून कळते. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने २००२ पासून राज्यभर माणसे विंडोजपुढे आणून बसवली, पण दोन यंत्रे एकमेकांशी का बोलत नाहीत हे कोडे बहुतेकांसाठी कोडेच राहिले.

१६/ आरंभीच्या प्रयोगशाळांत यंत्रे एकाच गोल तारेने एकामागून एक जोडलेली असत. तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपणे लागत. एक टोपण सैल झाले की सगळी खोली मुकी. त्या वेळचे तंत्रज्ञ तार मध्यावर तोडून अर्धी अर्धी तपासत, आणि दोष शोधण्याची याहून चांगली रीत मला अजून आढळलेली नाही.

१७/ विंडोज ९८ पासून पुढे यंत्राचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर समजावे की पत्ता देणाऱ्याकडून उत्तर आले नाही आणि यंत्राने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला. आधी तार, मग राउटर पाहावा, विंडोज पुन्हा टाकण्याची घाई करू नये. एक्सपीचे यंत्र नव्या विंडोज १० ला दिसत नसेल, तर कारण बहुधा २०१७ चे आहे. त्या वर्षी वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने एसएमबी१ या जुन्या संवादपद्धतीतूनच थैमान घातले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती नव्या स्थापनांमध्ये मुळातच वगळली. ती पुन्हा चालू करण्याचा मोह आवरावा. डिस्क काढून नेणे सुरक्षित.

१८/ आणखी एक फसवे दुखणे. जुन्या यंत्रावर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ‘प्रमाणपत्र अवैध’ म्हणून नाकारले जाते. तार ठीक, पत्ता ठीक. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. मदरबोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली की यंत्राला आपण कोणत्या साली आहोत हेच आठवत नाही, आणि त्याच्या लेखी आजची प्रमाणपत्रे भविष्यकाळातली ठरतात. तारीख सुधारूनही एक्सपीवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर आजच्या पुष्कळ संकेतस्थळांवर पोहोचत नाही, कारण त्यांची नवी सांकेतिक भाषा त्याला येत नाही.

१९/ समजा, हे सारे पार पडले. रॅम बोलली, डिस्क उतरवली, फाइल हाती आली. उघडून पाहावे तर इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि प्रश्नचिन्हांचा काला. येथे पुन्हा रिद्धपुराकडे वळावे लागते. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. तिच्यात एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह येते, आणि किल्ली नसलेल्याला पोथी हातात असूनही वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी ती किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा कुठे प्राचीन मराठी गद्याचे दालन उघडले.

२०/ युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांचे असेच आहे, फरक इतकाच की कोणाला काही लपवायचे नव्हते. विंडोज ९५-९८ ला देवनागरी येत नव्हती. म्हणून श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. प्रत्येकाची मांडणी वेगळी. युनिकोड १९९१ पासून होते, पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून, मंगल या फॉन्टासह आली. तोवर जे लिहिले गेले ते ज्याच्या त्याच्या सकळ लिपीत.

२१/ म्हणूनच वर फॉन्ट पुसू नका म्हटले. तो फॉन्ट हीच किल्ली. फाइलीसोबत त्याच यंत्रातला, त्याच आवृत्तीचा फॉन्ट उतरवून घ्यावा. नावसारख्या दुसऱ्या फॉन्टवर विसंबू नये, जोडाक्षरे आणि रफार तिथेच घसरतात. सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टवर लावायचे डोंगल असेल तर तेही जपावे. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या उघडत, आजच्या उघडत नाहीत. तेव्हा जुने यंत्र चालू आहे तोवर प्रत्येक फाइलीची एक पीडीएफ काढावी, किंवा निदान छापील प्रत. रूपांतरानंतर युनिकोड मजकूर त्या प्रतीशी ओळीने ओळ ताडून पाहावा. आणि डिस्कवर कागद चिकटवून लिहावे : कोणाच्या दुकानातली, कोणत्या सालची, कोणता फॉन्ट.