ट्रॅक कारची ट्रेलरवरून वाहतूक

ट्रॅक कार म्हणजे सार्वजनिक रस्त्याऐवजी सर्किटवर, म्हणजे बंदिस्त शर्यतमार्गावर, चालवण्यासाठी तयार केलेली किंवा बदललेली मोटार. अशी मोटार घरापासून सर्किटपर्यंत नेण्यासाठी ती ट्रेलरवर चढवून दुसऱ्या वाहनाने ओढत नेण्याची पद्धत अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपातील इतर काही देशांतील हौशी चालकांमध्ये रूढ आहे. ओढणारे वाहन आणि ट्रेलर यांची निवड प्रामुख्याने वजनाच्या हिशेबावर अवलंबून असते. जाहिरातीत ठळकपणे दिलेली ओढण्याची क्षमता हा त्या हिशेबातील केवळ एक आकडा असून प्रत्यक्षात बहुधा दुसरीच एखादी मर्यादा आधी ओलांडली जाते.

ट्रेलरची गरज

शर्यतीसाठी बदललेल्या मोटारीला अनेकदा रस्त्यावर चालवण्याचा परवाना मिळत नाही. खाच नसलेले स्लिक टायर, सुरक्षा-पिंजरा, काढून टाकलेली आसने आणि कर्कश आवाज ही त्याची नेहमीची कारणे होत. मोटार रस्त्यावर चालवण्याजोगी असली, तरी सर्किटवर ती नादुरुस्त झाल्यास किंवा अपघातात सापडल्यास परत आणण्याची सोय असावी लागते. टायरचे जादा संच, जॅक, अवजारे आणि इंधनाचे डबे नेणेही ट्रेलरमुळे सुकर होते.

वजनाचा हिशेब

निवडीत पुढील मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात :

- ट्रेलरचे कमाल एकूण वजन : ट्रेलरचे स्वतःचे आणि त्यावरील मालाचे मिळून.
- वाहनाची ओढण्याची कमाल क्षमता (टो रेटिंग).
- वाहन व ट्रेलर यांचे एकत्रित कमाल वजन.
- वाहनाची भारवहन क्षमता (पेलोड) : माणसे, सामान आणि ट्रेलरच्या दांड्याचा जोडणीवर पडणारा उभा भार मिळून.
- हिच, अ‍ॅक्सल आणि टायर यांच्या स्वतंत्र मर्यादा.

दांड्याच्या उभ्या भाराला अमेरिकेत ‘टंग वेट’ व ब्रिटनमध्ये ‘नोज वेट’ म्हणतात. अमेरिकेत तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा संकेत आहे. युरोपात हे प्रमाण सामान्यतः ५ ते ७ टक्के धरले जाते. मात्र तेथील वेगमर्यादा कमी असून जोडणीवर चालणारा उभा भारही मर्यादित असतो.

एका उदाहरणाने हा हिशेब स्पष्ट होईल. मोटारीचे वजन १,१०० किलो, उघड्या ट्रेलरचे ९०० किलो आणि सामानाचे २०० किलो धरल्यास एकूण वजन २,२०० किलो होते. १० ते १५ टक्क्यांच्या हिशेबाने जोडणीवर २२० ते ३३० किलो भार पडतो. ओढणाऱ्या पिकअपची ओढण्याची क्षमता ४,००० किलो आणि पेलोड ६५० किलो आहे असे मानू. दोन माणसांचे १६० किलो आणि हिच व पिकअपमधील सामान यांचे १४० किलो वजा जाता ३५० किलो उरतात. म्हणजे उघडा ट्रेलर मर्यादेत बसतो. त्याऐवजी १,८०० किलोचा बंदिस्त ट्रेलर आणि ४०० किलो सामान घेतल्यास एकूण वजन ३,३०० किलो होते. हे वजन ओढण्याच्या क्षमतेपेक्षा ७०० किलोंनी कमी आहे. तथापि १२ टक्क्यांनीही जोडणीवरील भार ३९६ किलो भरतो आणि पेलोड ओलांडला जातो. शिवाय अमेरिकेत सर्रास विकल्या जाणाऱ्या ७,००० पौंडी (३,१७५ किलो) ट्रेलरची स्वतःची मर्यादाही येथे मागे पडते व अधिक क्षमतेचा ट्रेलर घ्यावा लागतो.

पेलोडचा आकडा अमेरिकेतील वाहनांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. एकाच मॉडेलच्या दोन वाहनांत जादा सुविधांमुळे तो वेगवेगळा असू शकतो. त्यामुळे माहितीपत्रकापेक्षा ही पट्टी प्रमाण मानावी लागते. भरलेल्या ट्रेलरसह वाहनाचे खरे वजन वजनकाट्यावर तपासणे हा खात्रीचा मार्ग होय. अमेरिकेत महामार्गांवरील ट्रक-थांब्यांवर असे काटे असतात.

क्षमतेचे प्रमाणीकरण

पूर्वी प्रत्येक कंपनी ओढण्याची क्षमता आपल्या पद्धतीने ठरवीत असे; त्यामुळे दोन वाहनांची तुलना करणे अवघड होते. २००८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ‘जे२८०७’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यातील एक कसोटी अ‍ॅरिझोना राज्यातील डेव्हिस डॅमजवळच्या सुमारे १८ किमी लांबीच्या चढावर आधारलेली आहे. कडक उन्हाळ्याच्या तापमानात, वातानुकूलन यंत्र चालू ठेवून, ठरावीक किमान वेगाने हा चढ चढावा लागतो. टोयोटा कंपनीने २०११ च्या मॉडेलपासून हे प्रमाण स्वीकारले. हलक्या वाहनांच्या चाचणीत प्रत्येकी सुमारे ६८ किलो वजनाची दोन माणसे गृहीत धरलेली असतात. त्याहून अधिक माणसे वा सामान असल्यास छापील क्षमता तेवढ्या प्रमाणात कमी धरावी लागते.

ट्रेलरचे प्रकार

उघडा ट्रेलर हलका व स्वस्त असतो आणि त्याला वाऱ्याचा विरोध कमी होतो. पोलादी ट्रेलरपेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर हलका असतो व गंजत नाही, पण महाग पडतो. बंदिस्त ट्रेलर ऊन-पाऊस आणि चोरीपासून संरक्षण देतो व सर्किटवर कार्यशाळा म्हणूनही उपयोगी पडतो. मात्र त्याच्या मोठ्या दर्शनी पृष्ठभागामुळे इंधनाचा खप बराच वाढतो आणि आडव्या वाऱ्याचा त्रासही अधिक होतो. दोन चाके रस्त्यावर टेकवून मोटार नेणारी ‘टो डॉली’ स्वस्त असली, तरी स्लिक टायरच्या किंवा अपघातात मोडलेल्या मोटारीसाठी ती गैरसोयीची ठरते.

ट्रॅक कार जमिनीपासून फार कमी उंचीवर असल्याने चढण्याच्या फळ्या लांब लागतात. मागील भाग उतरता असलेला किंवा संपूर्ण तळ कलणारा ट्रेलरही वापरला जातो. मोटार चढवल्यावर चालकाला दार उघडून बाहेर येता येईल की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे लागते. बंद पडलेली मोटार वर ओढण्यासाठी विंच उपयुक्त असते.

ओढणारे वाहन

हलकी मोटार उघड्या ट्रेलरवरून नेण्यास मध्यम किंवा मोठी एसयूव्ही अथवा ‘हाफ-टन’ वर्गातील पिकअप (उदा. फोर्ड एफ-१५०) बहुधा पुरते. आज या वर्गनामाचा वाहनाच्या खऱ्या भारवहन क्षमतेशी संबंध उरलेला नाही. मोठ्या बंदिस्त ट्रेलरसाठी त्यावरच्या वर्गातील (उदा. एफ-२५०) पिकअप निवडली जाते. युरोपात ३,५०० किलो ओढण्याची क्षमता असलेली लँड रोव्हर डिस्कव्हरीसारखी वाहने वापरली जातात.

इंजिनाच्या शक्तीइतकेच व्हीलबेसची लांबी, वाहनाचे स्वतःचे वजन, ब्रेक आणि गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवण्याची सोय यांना महत्त्व असते. लांब व्हीलबेसचे वाहन ट्रेलरच्या हेलकाव्यांना अधिक चांगला विरोध करते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १,००० मीटर उंचीमागे सुमारे दहा टक्क्यांनी घटते.

जोडणी आणि ब्रेक

हिचवरील गोळा आणि ट्रेलरचा कप्लर एकाच मापाचे असणे अनिवार्य आहे. युरोपात ५० मिमीचा गोळा प्रमाणित आहे, तर अमेरिकेत १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच अशी तीन मापे प्रचलित आहेत. जड ट्रेलरसाठी भार विभागणारी हिच वापरतात. ती मागील अ‍ॅक्सलवरील भाराचा काही भाग वाहनाच्या पुढील अ‍ॅक्सलकडे व ट्रेलरच्या चाकांकडे वळवते.

अमेरिकेत ट्रेलरला बहुधा विद्युत ब्रेक असतात व त्यांचे नियंत्रण चालकाजवळ असते. युरोपात वाहन मंदावताच ट्रेलरच्या पुढे रेटण्याने आपोआप लागणारे ब्रेक रूढ आहेत. जोडणी तुटल्यास ट्रेलर आपोआप थांबावा यासाठी दोन्हीकडे स्वतंत्र व्यवस्था असते.

स्थैर्य आणि बांधणी

ट्रेलर वेगात डोलू लागणे हा या वाहतुकीतील सर्वांत गंभीर धोका होय. गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या मागे गेल्यास जोडणीवरील भार घटतो. अशा वेळी लहानसा हेलकावाही विरण्याऐवजी वाढत जातो आणि अखेरीस ओढणारे वाहनही उलटू शकते. वेग वाढेल तसा हा धोका वाढतो. म्हणून इंजिन पुढे असलेली मोटार व इंजिन मागे असलेली मोटार एकाच ट्रेलरवर वेगवेगळ्या जागी उभी करावी लागते. डोलणे सुरू झाल्यास स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि सोय असल्यास केवळ ट्रेलरचे ब्रेक हलके लावावेत असे सांगितले जाते. वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ करण्याचा’ प्रयत्न घातक ठरतो.

मोटार चारही कोपऱ्यांवर रॅचेट पट्ट्यांनी, टायरवरून किंवा अ‍ॅक्सलला बांधतात. अमेरिकेतील व्यावसायिक वाहतुकीच्या नियमानुसार सर्व पट्ट्यांची मिळून कार्यभार-क्षमता मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. काही किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा तपासणे आवश्यक असते.

कायदेशीर मर्यादा

ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे कमाल वजन ७५० किलो आहे. ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीस एकेरी मार्गावर ताशी ५० मैल आणि मोटरवेवर ६० मैल वेगमर्यादा असून तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन वर्ज्य आहे. १६ डिसेंबर २०२१ पासून मोटारीच्या साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे.

देखभाल

ट्रेलर वर्षातील बहुतेक काळ उभा असल्याने त्याचे टायर झिजण्यापूर्वीच जुने होऊन फुटतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या कडेवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतात. जुना ट्रेलर घेताना हे अंक, चाकांचे बेअरिंग, दिव्यांची वायरिंग, ब्रेक आणि लाकडी तळाचा कुजकेपणा तपासून पाहतात.