मनातलं पान

आज गोष्ट सुरू करण्याआधी एक काम करा. पत्त्यांचा कॅट डोळ्यांपुढे आणा, त्यातलं एक पान निवडा आणि मनात धरून ठेवा. कुणाला सांगू नका, कुठे लिहू नका. जोकर नको.

धरलंत? इस्पिकचा एक्का असेल तर मनातल्या मनात हात वर करा. तो नसेल, तर बदामची राणी? बदामचा एक्का? की बदामचा राजा?

मी बेंगळुरूतल्या माझ्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसलोय. तुम्ही बेळगावात असाल, इंदुरात, बडोद्यात, नाहीतर पुण्याच्या लोकलमध्ये. तुमचं मन वाचण्याची काही सोय माझ्याकडे नाही. तरीही तुमच्यातले बरेच जण आत्ता चपापले असतील. कारण साधं आहे. ऑल्सन, अमलानी आणि रेन्सिंक या संशोधकांनी २०१२ साली कॅनडात पत्त्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात, एखादं पान सांगा म्हटल्यावर निम्म्याहून जास्त लोकांनी या चार पानांतलंच एक सांगितलं होतं. बावन्न पानांत सगळी पानं सारखीच सुचत असती, तर या चारांच्या वाट्याला मिळून शंभरातले जेमतेम आठ जण आले असते.

किलवरची सत्ती धरलेल्यांनी हसायला हरकत नाही, तुमच्यापुढे माझं काही चाललं नाही. पण आजचा विषय तुमच्याही कामाचा आहे. प्रेक्षक फक्त मनात पान धरतो आणि जादूगार ते ओळखतो, हा खेळ किमान साडेचारशे वर्षं जुना आहे. त्याचा इतिहास मी जितका वाचला, तितकी एकच गोष्ट पुन्हापुन्हा समोर आली: मनातलं पान जादूगार ओळखत नाही, ते आपणच त्याला सांगतो. आपण सांगितलं हे आपल्याला कळू न देणं, एवढीच त्याची कला.

आता १५८४ सालच्या इंग्लंडमध्ये जाऊ. केंट परगण्यात रेजिनाल्ड स्कॉट नावाचा एक गृहस्थ होता. पेशाने तो जादूगार नव्हता. त्याच्या काळात गावोगावच्या गरीब, म्हाताऱ्या बायांना चेटकिणी ठरवून त्यांच्यावर खटले चालत आणि त्यांना फाशीही होई. स्कॉटला हे पटेना. त्याने 'डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात बाजारातल्या जादूगारांच्या युक्त्या उघड करून सांगितल्या. मुद्दा हा, की जे अद्भुत दिसतं त्यामागे सैतान असायलाच हवा असं नाही, हातचलाखीही असू शकते. पत्त्यांची जादू छापील इंग्रजीत आली ती अशी, माणसांचे जीव वाचवण्याच्या खटपटीत.

मनातलं पान ओळखायची रीतही त्या पुस्तकात आहे. तीन पानं एकमेकांपासून लांब ठेवा आणि समोरच्याला त्यातलं एक मनात धरायला सांगा. मग पानांकडे बघू नका, त्याच्या डोळ्यांकडे बघा. नजर जिथे जाते, तिथे पान. दुसरी रीत याहून सरस. अख्खा कॅट झटकन उताणा टाका, पण असा, की एखाददुसरंच पान नीट दिसेल आणि तेही चित्राचं. आणि तितक्याच झटकन उचलून घ्या. माणसाला वाटतं, बावन्नातून मी हवं ते निवडलं. प्रत्यक्षात त्याने जे दिसलं तेच निवडलेलं असतं.

यानंतर ४३१ वर्षांनी, २०१५ साली, वर आलेल्या ऑल्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट प्रयोगातून तपासली. जादूगाराने पानं भरभर सोडत दाखवायची आणि एक पान इतरांपेक्षा किंचित जास्त वेळ दिसू द्यायचं. समोरच्याने बघताबघता एक पान मनात धरायचं. ११८ जणांवर प्रयोग झाला आणि त्यांतल्या ९८ टक्के लोकांनी जादूगाराला हवं होतं तेच पान धरलं. निवड आपलीच होती, असं मात्र त्यांतल्या बहुतेकांना वाटत राहिलं.

डोळ्यांनी सांगण्याची ही झाली एक तऱ्हा. दुसरी गणिताची, आणि ती तुमच्यापैकी अनेकांनी मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेली आहे. एकवीस पानं घ्यायची. एकेक करत सात-सात पानांचे तीन ढीग वाटायचे. समोरच्याने मनात एक पान धरायचं आणि ते कोणत्या ढिगात आहे एवढंच सांगायचं. तो ढीग बाकी दोघांच्या मधे घालून पुन्हा वाटायचं, पुन्हा विचारायचं. असं तीनदा. मग वरून अकरावं पान उलटायचं. तेच मनातलं पान.

हे का होतं? पहिल्या उत्तराने एकवीस शक्यतांच्या सात झाल्या आणि ती सातही पानं गठ्ठ्याच्या मध्यावर गेली, आठव्यापासून चौदाव्या जागेपर्यंत. दुसऱ्यांदा वाटताना ती तीन ढिगांत विखुरली, प्रत्येकात दोन किंवा तीन. दुसरं उत्तर मिळालं, की उरली ती दोन-तीनच, आणि ढीग मधे घातल्यावर त्यांच्या जागा दहा, अकरा आणि बारा याच असू शकतात. तिसऱ्या वाटपात या तीन जागांची पानं तीन वेगळ्या ढिगांत, प्रत्येक ढिगाच्या बरोबर मध्यावर, चौथ्या जागी पडतात. आता तो ढीग म्हणाला की झालं. सात अधिक चार, अकरा.

तीन प्रश्न, प्रत्येकाची तीन उत्तरं. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. म्हणजे या रीतीने सत्तावीस पानांपर्यंत कोणतंही पान हुडकता येतं. एकवीस त्याच्या आतच आहेत. फ्रान्सच्या बाशे नावाच्या गणितज्ञाने १६१२ साली मनोरंजक गणितांचं एक पुस्तक काढलं, त्यात मनातलं पान ओळखण्याचा हा जातीचा खेळ आहे. हाच तो बाशे, ज्याने छापलेल्या डायोफँटसच्या ग्रंथाच्या समासात फर्माने आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. पुढे १८१३-१४च्या सुमारास गेर्गोन या गणितज्ञाने सत्तावीस पानांचं पूर्ण गणित मांडलं: ढीग वर, मधे की खाली घालायचा हे ठरवून मनातलं पान हव्या त्या जागी कसं आणायचं. समोरच्याला वाटतं, मी काहीच सांगितलं नाही. खरं तर त्याने तीनदा उत्तर दिलेलं असतं.

आता मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. सांगताना आजही थोडी लाज वाटते.

मी सोळा वर्षांचा असताना सुट्टीत बेळगावला आत्याकडे गेलो होतो. एकवीस पानांचा खेळ नुकताच शिकलो होतो. ओसरीवर सगळ्यांना दाखवला, आत्याला दोनदा. सगळे हसले, ती हसली नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर ती माझ्या अंथरुणापाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "दादाचं काही दिसतंय का रे तुला?" तिचा थोरला मुलगा वर्षभरापूर्वी भांडून घर सोडून गेला होता. पत्र नाही, पत्ता नाही.

मी म्हणायला हवं होतं, आत्या, हा खेळ आहे. ते न म्हणता मी डोळे मिटले आणि म्हटलं, "सुखरूप आहे. दिवाळीपर्यंत येईल." तिच्या तोंडावर जे उमटलं ते पाहून मला वाटलं, आपण चांगलंच काम केलं.

त्या दिवाळीत तिने त्याच्या नावाचा पाट मांडला, उटणं काढून ठेवलं. दादा आला नाही.

हे इतक्या वर्षांनी बेंगळुरूत बसून आठवायचं कारण या शहराचा मनातल्या पानाशी फार जवळचा संबंध आहे. ४ नोव्हेंबर १९२९ रोजी इथे शकुंतलादेवींचा जन्म झाला. वडील सर्कशीत काम करत. घरची परंपरा भटपणाची, ती सोडून त्यांनी तारेवरची कसरत, सिंहांचे खेळ आणि जादू धरली होती. हकिगत अशी सांगतात, की मुलगी तीनेक वर्षांची असताना ते तिला पत्त्यांची जादू शिकवत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं, की मुलगी हातचलाखी करतच नाहीये. तिला पानं पाठ होतायत. आधी क्रम लावून ठेवलेला कॅट पाठ करणं ही जादूगारांची जुनी युक्ती, पण ती महिनोन्‌महिने घोटावी लागते. इथे पोरीला खेळताखेळताच साधत होतं. वडिलांनी सर्कस सोडली आणि मुलीला घेऊन रस्त्यावर खेळ सुरू केले. सहाव्या वर्षी म्हैसूर विद्यापीठात तिने आपली आकडेमोड दाखवली. १९४४ साली बापलेक लंडनला गेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये त्यांनी तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. मला जास्त मोलाची वाटते ती १९८८ सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने त्यांची तपासणी केली. ६,१६,२९,८७५ चं घनमूळ विचारलं. १७,०८,५९,३७५ चं सातवं मूळ विचारलं. प्रश्न वहीत उतरवून होण्याआधीच उत्तरं आली: ३९५ आणि १५. कागद-पेन्सिल घेऊन पडताळून बघा, बरोबर आहेत. आणि गंमत म्हणजे, दिवा लागताच बटण दाबणं अशा साध्या चाचण्यांत त्यांचा वेग काही जगावेगळा निघाला नाही.

फरक कुठे आहे, पाहा. जेन्सनच्या खोलीत शकुंतलादेवींना कुणीही काही सांगत नव्हतं. कुठला ढीग हे कळत नव्हतं, कुणाच्या डोळ्यांतून उत्तर मिळत नव्हतं. समोर फक्त संख्या. तरीही उत्तर आलं, म्हणून ते खरं. याच शकुंतलादेवी ज्योतिषही सांगत, त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. त्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ज्योतिषाच्या खोलीत समोर संख्या नसते, माणूस असतो. काळजी घेऊन आलेला. तो कपाळावरच्या आठीने सांगतो, गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेलेल्या हाताने सांगतो, "घरात थोडी ओढाताण आहे ना?" यावर मान हलवून सांगतो. बाहेर पडल्यावर म्हणतो, मी एक शब्द बोललो नाही, त्यांनी सगळं ओळखलं.

या दोन खोल्यांतला फरक बेंगळुरूत एका माणसाने जाहीरपणे विचारला होता. डॉ. एच. नरसिंहय्या. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजचे, खादी घालणारे, कॉलेजच्या वसतिगृहातच राहणारे गांधीवादी पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना १९७६ साली त्यांनी चमत्कार आणि पडताळता येण्याजोग्या अंधश्रद्धा तपासण्यासाठी समिती नेमली. सत्य साईबाबांना पत्रं लिहून, नियंत्रित परिस्थितीत चमत्कार दाखवावेत अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. मोठं वादळ उठलं. त्यांचं मागणं मात्र साधं होतं: सांगण्याच्या सगळ्या वाटा बंद करा, आणि मग बघू काय उरतं. जेन्सनने केलं तेच. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कार करून दाखवत, आणि लगेच त्यामागची युक्तीही सांगत. स्कॉटने १५८४ साली पुस्तकातून केलं, ते त्यांनी देवळापुढच्या चौकात केलं.

जादूगारावर माझा राग नाही. तो स्वतःला जादूगार म्हणवतो, तिकीट लावतो, आपण फसायला हौसेने जातो. आपलं पुण्याच्या रघुवीरांवर प्रेम होतं ते यामुळेच. खेळ संपल्यावर पडदा पडतो. माझ्या हातून त्या रात्री पडदा पाडायचा राहिला.

दादा तीन वर्षांनी आला, आपणहून. त्यानंतर कधीतरी मी आत्याला समोर बसवून एकवीस पानं उताणी वाटली आणि सगळं उलगडून दाखवलं. सात, मग तीन, मग एक. तिने दोनदा स्वतः करून पाहिलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे मीच सांगत होते की रे तुला."

"हो, आत्या."

तिने पानं गोळा केली, कडा जुळवल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मग दिवाळीचं तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. कॅट डब्यात घालून आत चहा ठेवायला गेली.

म्हणून एवढंच करा. हा खेळ आज घरात कुणाला तरी जरूर दाखवा, रंगवून दाखवा. आणि कुणी दुसऱ्या दिवशी एकटं येऊन काही विचारलं, तर आधी पानं उताणी वाटा. भेटू पुढच्या भागात.