भाड्यासाठी घर घेताना : कोल्हापूरच्या बाजाराचा कल कसा ओळखावा?

कोल्हापूर : मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील वकील व पक्षकारही आता भाऊसिंगजी रस्त्यावरील न्यायालयात येतात. साहजिकच, सदनिका घेऊन भाड्याने देण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. मात्र, निवृत्तीची पुंजी त्यात गुंतविण्यापूर्वी काही बाबी तपासणे हिताचे ठरते.

मागणी कोणाची?

शिवाजी विद्यापीठामुळे राजारामपुरी, सागरमाळ, राजेंद्रनगर भागात विद्यार्थी भाडेकरू मिळतात. पण सुटीत खोल्या रिकाम्या राहू शकतात. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीमुळे उजळाईवाडी, उचगावकडे नोकरदार कुटुंबांची मागणी असते. सुनावणीसाठी आलेला पक्षकार मात्र सायंकाळी गावी परततो. तो घराचा भाडेकरू नव्हे. बेंचच्या कायमस्वरूपी संकुलासाठी शेंडा पार्क येथील जागेची निवड झाली आहे. त्यामुळे आजची मागणी उद्या त्याच गल्लीत राहीलच, असे नाही.

कल कसा पाहावा?

जाहिरातीतील भाडे ही मालकाची अपेक्षा असते. त्याच इमारतीत झालेल्या करारांतील रक्कम विचारावी. सदनिका किती महिने रिकामी राहिली, परिसरात किती नव्या इमारती उभ्या राहत आहेत, हेही पाहावे. नव्या सदनिका एकाच वेळी बाजारात आल्या, की भाडे थबकते.

हिशेब निव्वळ उत्पन्नाचा

उदाहरणार्थ, सर्व खर्चासह ५० लाखांस पडलेल्या सदनिकेचे मासिक भाडे १४ हजार रुपये आहे. वर्षातील एक महिना ती रिकामी राहिल्यास १ लाख ५४ हजार रुपये मिळतील. घरफाळा, देखभाल व दुरुस्तीचे २८ हजार वजा जाता १ लाख २६ हजार उरतात. म्हणजे परतावा सुमारे अडीच टक्के. गृहकर्जाचा व्याजदर याहून कितीतरी अधिक असल्याने भाड्यातून हप्ता फिटण्याची अपेक्षा फोल ठरते.

पूररेषा पाहा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा परिसरात घरांत पाणी शिरले. जलसंपदा विभागाच्या निळ्या व लाल पूररेषेच्या नकाशावर जागा तपासावी. शेजाऱ्यांना त्या दोन्ही वर्षी पाणी कोठवर आले होते, हे विचारावे.

कागदपत्रे आणि करार

प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, बिगरशेती आदेश, बांधकाम परवाना व भोगवटा प्रमाणपत्र वकिलाकडून तपासून घ्यावे. नव्या प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. घर भाड्याने दिल्यास घरफाळ्याची आकारणी कशी होईल, याची चौकशी महापालिकेत आधीच करावी.

या तपासणीनंतरही हिशेब जुळत असेल, तरच बयाणा द्यावा.