साडेतीन किलोचं ओझं

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

डोंगर चढणाऱ्या माणसाला पहिल्या मैलात आपलं सामान हलकं वाटतं, दुसऱ्या मैलात जड वाटू लागतं आणि तिसऱ्या मैलानंतर तो एकेक वस्तू आठवून 'ही कशाला घेतली?' असं स्वतःलाच विचारू लागतो. सह्याद्रीत गड चढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आता त्या सामानात एक रायफल आहे असं समजा. ती तंबूत ठेवता येत नाही, पाठीवर टाकून विसरताही येत नाही. कारण आपण ज्याच्या मागावर आहोत तो आपल्याही मागावर असू शकतो. अशी रायफल किती वजनाची असावी?

या प्रश्नाचं उत्तर जिम कॉर्बेटनं कुमाऊँ आणि गढवालच्या डोंगरांत स्वतःच्या खांद्यावर शोधलं. कॉर्बेट १८७५ साली नैनितालला जन्मला, तिथंच वाढला, रेल्वेच्या मालवाहतुकीचं काम करत मोकामा घाटावर वीस वर्षं राहिला आणि नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या मागं पायी हिंडला. पहाडी लोक त्याला 'कारपेटसाहेब' म्हणत. त्याच्या गोष्टी मराठीतही आल्या आहेत, आणि मूळ इंग्रजी पुस्तकाला मोठा वाचकवर्ग मिळवून देणारी पहिली आवृत्ती १९४४ साली आपल्या मुंबईतूनच, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं काढली. वाघाच्या गोष्टी म्हणून आपण त्या वाचतो. पण त्याच गोष्टींत हत्यारांचाही एक इतिहास दडलेला आहे. कुठल्या दिवशी हातात कुठली बंदूक होती, हे कॉर्बेट सहसा सांगतोच.

सुरुवात चंपावतपासून करू. साल १९०७. चंपावतच्या वाघिणीनं आधी नेपाळात आणि मग कुमाऊँत मिळून ४३६ माणसं मारली, असा आकडा कॉर्बेटनं दिला आहे. त्या दिवशी त्याच्या हातात ५०० बोअरची भारी रायफल होती आणि खिशात काडतुसं फक्त तीन. दोनपेक्षा जास्त बार टाकायची वेळ येणार नाही, तिसरं अडीअडचणीला, असा त्याचा हिशेब. पहिली गोळी चुकली, पुढच्या दोन लागल्या, वाघीण उभीच राहिली आणि हातातली मोठी रायफल नुसती काठी झाली. मग कॉर्बेट पळत तहसीलदाराकडे गेला आणि त्याची बंदूक हिसकावून परत आला. जवळ गेल्यावर पाहतो तो नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये बोटभर नसली तरी चांगली दिसण्याइतकी फट! बार टाकला तर मागून उसळलेल्या आगीनं डोळे जायचे. त्यानं वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनी खचलेली होती म्हणून पडली.

या गोष्टीतलं एक वाक्य मला वाघिणीपेक्षा जास्त अस्वस्थ करतं. हाकाऱ्यासाठी त्या दिवशी २९८ माणसं जमली होती. तहसीलदारानं आधीच गावोगाव सांगून ठेवलं होतं की बिनपरवाना हत्यारांकडे आपण काणाडोळा करू, वर दारूगोळाही पुरवू. मग जी हत्यारं बाहेर निघाली त्यांनी एखादं वस्तुसंग्रहालय भरलं असतं, असं कॉर्बेट मिस्कीलपणे लिहितो. तो मिस्कीलपणा आपल्याला थोडा बाजूला ठेवावा लागेल.

ही हत्यारं लपलेली का होती? लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना हवा. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना त्यातून सूट. त्याच लिटननं त्याच साली देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर बंधन घालणारा कायदाही आणला, हे मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही. वृत्तपत्रांचा कायदा काही वर्षांत गेला. शस्त्रांचा कायदा थेट १९५९चा नवा कायदा होईपर्यंत राहिला. म्हणजे चंपावतच्या डोंगरातली माणसं एकोणतीस वर्षं ठासणीच्या बंदुका छपराच्या आढ्यात, गवताच्या गंजीत दडवून जगत होती, आणि वाघीण एकेका घरातून माणूस नेत होती. बंदूक निवडायची म्हणजे आधी ती हातात घ्यायची मुभा हवी. पुढची सगळी गोष्ट ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

त्या वाघिणीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी नैनितालच्या दरबारात तहसीलदाराला एक बंदूक आणि कॉर्बेटबरोबर गेलेल्या गावकऱ्याला एक सुंदर शिकारी सुरा दिला. हे कॉर्बेट आवर्जून सांगतो. त्यालाही एक रायफल मिळाली होती, तिच्याबद्दल मात्र त्या गोष्टीत अवाक्षर नाही. तीच ही आपली हलकी रायफल: जॉन रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची, एकनळी, खटक्याची. वजन साधारण साडेतीन किलो. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी, तिच्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख.

या रायफलीची वंशावळ मजेशीर आहे. रिग्बी ही मूळ डब्लिनची, पुढं लंडनला आलेली पेढी. पण रायफलीचं पोट जर्मन. काडतूस आत सारणारी आणि रिकामं बाहेर फेकणारी यंत्रणा माउझरची. काडतूसही माउझरचंच, ७ मिलिमीटरचं. १८९३ साली स्पेननं ते आपल्या सैन्यासाठी घेतलं. नंतर ट्रान्सवालच्या बोअर लोकांनी ते हजारोंनी मागवलं, आणि १८९९ ते १९०२च्या युद्धात त्या शेतकऱ्यांनी टेकड्यांवरून इंग्रज पलटणींना असं टिपलं की लंडनमध्ये चौकशा सुरू झाल्या. स्पिऑन कोपच्या ज्या लढाईतले जखमी गांधीजींच्या हिंदी तुकडीनं डोलीतून वाहिले, तिथंही बोअरांच्या हाती मुख्यतः हीच माउझर होती. ज्या काडतुसानं आपली माणसं मारली ते इंग्रज शिकाऱ्यानं जर्मन नावानं कसं विकत घ्यावं? सात मिलिमीटर म्हणजे इंचाचे सुमारे .२७५. झालं, '.२७५ रिग्बी' असं बारसं करून तेच काडतूस विलायती झालं. नावात काय आहे म्हणतात, दुकानदाराला विचारा.

बंदूक हा आपला शब्दही असाच हिंडत आला आहे. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक टणक कवचाचं छोटं फळ. फळावरून तो शब्द गोळीला लागला आणि गोळीवरून हत्याराला. शिकार फारसी, तहसीलदार अरबी-फारसी, हाकारा आपला. कुमाऊँच्या रानात ही सगळी मंडळी एकत्र भेटतात.

आता वजनाचा हिशेब. कॉर्बेटजवळ दुसरी एक दुनळी होती, ४५०/४०० बोअरची, वजनाला पाच किलोच्या आसपास. तिची गोळी सव्वीस ग्रॅमची; .२७५ची नऊ ते अकरा ग्रॅमची. झुडपातून अंगावर येणाऱ्या वाघाला जागेवर थांबवायचं तर पहिलीच बरी, आणि दुसरा बार लगेच तयार. पण ती घेऊन दिवसभर ओढ्यातून कड्यावर आणि कड्यावरून ओढ्यात उतरा. बरं, जड रायफल नुसती हलकी करूनही भागत नाही. बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का मोठा. सव्वीस ग्रॅमची गोळी साडेतीन किलोच्या रायफलीतून मारणाऱ्याचा खांदा चार बारांत निकामी व्हायचा. आधी काडतूस सौम्य हवं, मग रायफल हलकी करता येते. ७ मिलिमीटरच्या काडतुसाचा गुण हाच. धक्का बेताचा, गोळी बारीक पण लांब. लांब असल्यानं रेषा सोडत नाही आणि खोल शिरते.

डोंगरात आणखी एक गोम असते. समोरचा घोरल, म्हणजे हिमालयातला तो बकऱ्यासारखा प्राणी, तुमच्या पातळीवर क्वचितच उभा असतो. तो खाली दरीत असतो नाहीतर वर कड्यावर. चढावर मारा की उतारावर, सपाटीच्या हिशेबानं धरलेला नेम वरच लागतो. कारण जमीन गोळीला खाली ओढते ती आडव्या अंतराच्या मापानं, डोळ्याला दिसणाऱ्या तिरक्या अंतराच्या मापानं नाही. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर दोनशे मीटर दिसणारं अंतर गोळीच्या लेखी एकशे चाळीसच. वेगानं, जवळजवळ सरळ जाणारी गोळी असेल तर ही चूक थोडक्यात निभावते. हलक्या रायफलीचे तोटेही आहेत. तिची पातळ नळी दोन-तीन बारांत तापते आणि तापली की नेम सरकू लागतो. चढून आल्यावर छाती धडधडत असते तेव्हा हलकी नळी त्या ठोक्याबरोबर नाचते, जड असेल तर जरा स्थिरावते. पण डोंगरात पहिलाच बार कामाचा असतो. आज लाकडाऐवजी कार्बनच्या धाग्यांचे दस्ते आले आहेत, अडीच किलोच्या रायफली मिळतात. तरी त्या घडवणाऱ्यांना हेच गणित सोडवावं लागतं.

या गणिताचा निकाल ११ एप्रिल १९३० रोजी चौगढच्या नरभक्षक वाघिणीसमोर लागला. ६४ माणसं तिच्या नावावर. कॉर्बेट दोन माणसांसह एका ओढ्यातून उतरत होता. वाटेत त्याला रातवा पक्ष्याची दोन अंडी दिसली. अंडी जमवायचा त्याला छंद. त्यानं ती डाव्या तळहातात शेवाळ घालून जपून धरली. रायफल उजव्या हातात, छातीवर तिरकी, खटका उघडा. पाटीसारख्या एका उभ्या खडकाला वळसा घातला, उजव्या खांद्यावरून मागं पाहिलं, तर वाघीण आठ फुटांवर बसलेली, थेट त्याच्याकडे पाहत.

हलावं तर ती उडी घेणार. न हलावं तर रायफलीचं तोंड भलतीकडेच. ते जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवायचं होतं, तेही एका हातानं आणि हलतंय हे कळू न देता. त्यानं ते फिरवायला सुरुवात केली. दस्ता कुशीला अडला. मग हात लांब करून, दस्ता सोडवून, पुन्हा फिरवलं. हात पूर्ण ताणला गेला आणि रायफलीचं वजन जाणवू लागलं, असं तो लिहितो. वाघिणीनं डोळे त्याच्या डोळ्यांवरून हलवले नाहीत. शेवटी तोंड तिच्या रेषेत आलं, त्यानं तसाच लांब हातानं बार टाकला आणि तिचं डोकं हळूहळू पंजांवर टेकलं.

नंतर कॉर्बेटनं तीन गोष्टींना श्रेय दिलं. हातात अंडी होती. ती नसती तर दोन्ही हात रायफलीवर असते, तो गरकन वळला असता आणि वाघिणीनं झेप घेतली असती. वाघीण नरभक्षक होती. साधी असती तर कोंडीत सापडल्यावर त्याला झटकून वाट काढून गेली असती. आणि रायफल हलकी होती. पाच किलोची दुनळी लांब केलेल्या एका हातात इतका वेळ धरणं आणि तशीच उडवणं शक्य नव्हतं. अंडी त्यानं घरट्यात परत ठेवली. अर्ध्या तासानं पाहिलं तेव्हा पक्षीण उबवायला बसलेली होती.

त्याआधी, १९२६ साली, रुद्रप्रयागचा बिबट्या गुलाबराईच्या आंब्याखाली पडला तोही याच रायफलीनं. रात्रीची वेळ, बांधलेल्या बकरीची घंटा वाजली, टॉर्च पेटला, बार उडाला आणि टॉर्च विझला. आठ वर्षं यात्रेकरूंच्या वाटेवर दहशत होती. आणि म्हणून हलकीच रायफल चांगली असं कोणी समजू नये. १९३८ साली ठाकच्या वाघिणीसाठी कॉर्बेटनं दुनळीच घेतली होती. ज्याच्याकडे दोन असतात तोच दोन्हींचा विचार करू शकतो.

चौगढच्या चौसष्ट माणसांत बहुतेकांच्या हातात कोयता होता, गवताचा विळा होता. कॉर्बेटला हे उमगत नव्हतं असं नाही. लहानपणी त्याला रान शिकवलं ते कुंवरसिंग नावाच्या चोरट्या शिकाऱ्यानं, ठासणीच्या बंदुकीवाल्यानं. पुढं छोटी हल्द्वानी हे गाव वसवलं तेव्हा कॉर्बेटनं पिकांभोवती काही किलोमीटर लांबीची दगडी भिंत घालून घेतली, रानडुकरांना अडवायला. भिंतीला परवाना लागत नाही.

हळूहळू त्यानं रायफलीऐवजी कॅमेरा जास्त वेळा उचलला. वाघांचं चित्रीकरण करायला तो तासन् तास ओढ्यात बसे. १९३६ साली तिथं झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला पुढं त्याचंच नाव मिळालं, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्या डोंगरांत कुठली रायफल न्यावी हा प्रश्नच उरला नाही. १९४७ साली बहिणीसह तो केनियाला गेला, १९५५ साली तिथंच वारला. ती रायफल त्याच्या प्रकाशकांकडे राहिली आणि २०१५ साली रिग्बी कंपनीनं परत विकत घेतली. २०१६ साली ती कुमाऊँत आणली गेली, लोकांनी पाहिली आणि पुन्हा लंडनला नेली. देश सोडताना कॉर्बेटनं छोटी हल्द्वानीतल्या एका सोबत्याला आपली एक साधी बंदूक दिली होती. ती त्या घरातच राहिली.