जुन्या बाटलीचे आयुष्य

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या टोकाला असलेल्या एका लहानशा चॅपलमध्ये मी मिस्सा अर्पण करण्यासाठी गेलो होतो. तेथे महिन्यातून एकदाच मिस्सा होत असे. अर्पणविधीच्या वेळी वेदीसेवकाने कुपी पुढे केली आणि द्राक्षारस चषकात ओतताच आंबूस दर्प नाकाला झोंबला. बाटली आधीच्या सणाला उघडलेली, बूच सैल बसलेले आणि कपाट उन्हाने तापणाऱ्या भिंतीला लागून. एका तरुणाला सायकलवरून मुख्य चर्चकडे पिटाळले. दुसरी बाटली येईपर्यंत भाविकांनी दोन-तीन गीते म्हटली. मिस्सा आटोपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी मला गाठले. ते म्हणाले, “फादर, दारू जितकी जुनी तितकी चांगली असे आम्ही ऐकत आलो. मग ही बिघडली कशी?”

त्या वेळी मी घाईत थातुरमातुर उत्तर दिले. परंतु प्रश्न साधा नव्हता. त्याचे उत्तर शोधताना दोन हजार वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

ख्रिस्तसभेला या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे कधीच परवडणारे नव्हते. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९२४ वे कलम सांगते की, मिस्सासाठीचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांपासून बनलेला आणि न बिघडलेला असावा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी यावर बारकाईने विचार केला होता. द्राक्षारसाचा पुरता शिरका झाला, तर तो द्राक्षारस उरतच नाही. म्हणून त्याने संस्कार घडत नाही. नुसता आंबू लागलेला असेल तर संस्कार घडतो, मात्र जाणूनबुजून तो वापरणारा धर्मगुरू दोषी ठरतो. बाटलीच्या टिकाऊपणाचा प्रश्न असा थेट वेदीपर्यंत पोहोचतो.

मग जुन्या द्राक्षारसाची थोरवी आली कोठून? रोमन लोकांना ती ठाऊक होती. इ. स. पूर्व १२१ हे वर्ष द्राक्षांच्या असामान्य पिकासाठी गाजले. त्या वर्षीचा द्राक्षारस पहिल्या शतकातील लेखक प्लिनी यांच्या काळापर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे शिल्लक होता. मात्र प्लिनी यांच्याच सांगण्यानुसार तो मधासारखा घट्ट आणि कडवट झाला होता. जर्मनीतील श्पायर शहराजवळ १८६७ साली एका रोमन थडग्यात चौथ्या शतकातील एक सीलबंद काचेची बाटली सापडली. आतील द्रवावर तेलाचा थर ओतल्यामुळे त्याचा हवेशी संबंध तुटला होता. तो द्रव आजही तेथील संग्रहालयात पाहायला मिळतो. पण तो प्यावा असे कोणी सुचवत नाही. टिकणे वेगळे आणि चांगले राहणे वेगळे, हा या दोन उदाहरणांचा धडा होय.

रोमन साम्राज्य लयास गेल्यावर युरोपात मातीच्या बंद रांजणांची जागा लाकडी पिंपांनी घेतली. पिंपातील द्राक्षारस काढता काढता रिकाम्या जागेत हवा शिरे आणि वर्षभरात तो आंबट होई. त्यामुळे मध्ययुगात नव्या द्राक्षारसाला भाव असे. जुना उरला तर तो स्वस्तात विकला जाई. ‘जुने ते सोने’ हा समज त्या काळच्या ग्राहकाला हास्यास्पद वाटला असता.

हे चित्र पालटले ते सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये. लाकडाची टंचाई भासू लागल्याने १६१५ साली राजे पहिले जेम्स यांनी काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी घातली. कारागीर दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची धग अधिक, त्यामुळे काच अधिक मजबूत आणि गडद रंगाची होऊ लागली. अशी जाड, काळसर बाटली बनवण्याचे श्रेय सर केनेल्म डिग्बी या कॅथलिक सरदाराला दिले जाते. त्यांचे वडील सर एव्हरार्ड यांना राजाविरुद्धच्या दारूगोळ्याच्या कटात सामील झाल्याबद्दल १६०६ साली देहदंड झाला होता. पुढे बाटलीच्या शोधावर इतरांनी हक्क सांगितला, तेव्हा १६६२ साली निर्णय डिग्बी यांच्या बाजूने लागला. या बाटलीला बुचाची जोड मिळाली. बाटली आडवी ठेवली की बूच ओले राहते, फुगते आणि हवेची वाट अडवते. गडद काच उजेड रोखते. अशा बाटलीत काही निवडक द्राक्षारस वर्षानुवर्षे मुरू लागले. ‘काही निवडक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बहुतेक द्राक्षारस आजही दोन-चार वर्षांतच पिण्यासाठी बनवले जातात.

दुसरा उपाय सापडला तो सागरावर, आणि त्याचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांकडे होती. तेव्हा मिस्सासाठी लागणारा द्राक्षारस समुद्रमार्गे येत असे. पूर्वेकडे निघालेली जहाजे मदैरा बेटावर थांबून पिंपे भरून घेत. विषुववृत्ताच्या उष्म्यात महिनोन्महिने हिंदकळून ती पिंपे परतली, तेव्हा आतील द्राक्षारस बिघडण्याऐवजी अधिक रुचकर झाल्याचे व्यापाऱ्यांना आढळले. अठराव्या शतकात त्यात द्राक्षांचाच गाळलेला अर्क मिसळण्याचा प्रघात पडला. वाढलेल्या मद्यार्कात शिरका करणारे जंतू तग धरत नाहीत. शिवाय उष्णता आणि हवा यांनी जे बिघडायचे ते आधीच घडून गेलेले असते. म्हणून मदैराची उघडलेली बाटलीसुद्धा कित्येक महिने टिकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोमनेही मिस्साचा द्राक्षारस टिकावा म्हणून त्यात मर्यादित प्रमाणात द्राक्षांचाच अर्क घालण्याची सशर्त अनुमती दिली.

एव्हाना लुई पाश्चर यांनी बिघाडाचे मूळही दाखवून दिले होते. द्राक्षारस बिघडतो तो सूक्ष्म जंतूंमुळे, आणि शिरका करणाऱ्या जंतूंना हवा लागते, हे त्यांनी १८६६ च्या आपल्या ग्रंथात मांडले. पाश्चर स्वतः कॅथलिक होते. आमच्या चॅपलमधील सैल बुचाने नेमकी तीच हवा आत सोडली होती.

आता घरोघरच्या कपाटांतील बाटल्यांकडे वळू. आखातातून मुलाने आणलेली व्हिस्की किंवा ब्रँडी नातवाच्या लग्नासाठी राखून ठेवणारी कुटुंबे आपल्यात आहेत. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. बाटलीत भरताच तिचे वय थांबते. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात आणखी वीस वर्षे राहिली, तरी ती बारा वर्षांचीच राहते. पण ती सहसा बिघडतही नाही. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या १९०७ च्या दक्षिण ध्रुव मोहिमेतील व्हिस्कीची खोकी त्यांच्या झोपडीखाली बर्फात गाडलेली होती. ती २०१० साली बाहेर काढण्यात आली. स्कॉटलंडमध्ये तीन बाटल्या तपासल्या, तेव्हा सुमारे ४७ टक्के मद्यार्क असलेली ती व्हिस्की शतकानंतरही उत्तम स्थितीत आढळली.

मात्र अशी बाटली उभी ठेवावी, कारण तीव्र मद्यार्क बूच कुरतडतो. ती उन्हापासून दूर ठेवावी. एकदा उघडून अर्धी रिकामी झाली, की आतील हवा तिचा गंध हळूहळू उडवून लावते. दुधाच्या सायीपासून बनवलेल्या गोड मद्याची गोष्ट निराळी. ते साधारण दोन वर्षांतच संपवायचे असते. दारूच्या पायी उद्ध्वस्त झालेले संसार मी पाहिले आहेत, त्यामुळे बाटल्यांचा साठा करावा असे मी कोणालाही सुचवणार नाही. एवढेच सांगतो की, जुनी बाटली म्हणजे आपोआप मौल्यवान ठेवा नव्हे.

लूकलिखित शुभवर्तमानात प्रभू येशू म्हणतात की, जुना द्राक्षारस चाखलेल्याला नवा नको असतो. उलट काना गावच्या लग्नात जो सर्वोत्तम ठरला, तो त्याच घटकेला तयार झालेला होता. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले, की वयाचा अभिमान गळून पडतो. वस्तू मुळात कशी आहे आणि तिची निगा कोणी कशी राखली, यावरच तिचे भवितव्य ठरते.

त्या वृद्ध गृहस्थांना मी नंतर हे सारे सविस्तर सांगितले. तेव्हापासून त्या चॅपलसाठी आम्ही लहान बाटल्या घेतो आणि उघडल्याची तारीख प्रत्येक बाटलीवर लिहितो. तारीख लिहिण्याचे काम त्यांनीच आपणहून पत्करले.